बाई, हे खरंच घडलं होतं का?

‘सध्या काय वाचताय?’ एवढ्या एका प्रश्नावर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, हे सोपं काम. वाचलेल्या पुस्तकांची वही मी कितीतरी वर्षं ठेवते. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक आणि शेवटी दोन ओळी. ती वही उघडली आणि अलीकडची पानं पाहून मीच जरा ओशाळले. नारायण धारपांच्या दोन कादंबऱ्या, मग रणजित देसाईंची ‘स्वामी’, तिच्याखाली बाबूराव अर्नाळकरांची तीन पातळ पुस्तकं, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, भैरप्पांचं ‘पर्व’ आणि त्याच महिन्यात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. निवृत्त शिक्षिकेनं रेडिओवर भैरप्पा आणि माडगूळकर यांची नावं ठळकपणे घ्यावीत आणि अर्नाळकरांचं पान हळूच उलटावं, अशी एक रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. कारण ही खिचडी मी जाणूनबुजून शिजवली आहे, आणि तिच्यामागे एक जुनी चूक आहे. चूक माझीच.

सोलापुरातल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. थोरल्या माधवराव पेशव्यांचा धडा आला की माझा आवाज आपोआप खाली यायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. थेऊरचा गणपती, क्षयानं झिजलेला सत्तावीस वर्षांचा पेशवा, उशाशी बसलेल्या रमाबाई. त्यांचं शेवटचं बोलणं मी असं सांगायची की मागच्या बाकावरची दांडगी पोरंसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागायची. ते बोलणं पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते कुठून आलं, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. खरं तर स्वतःलाही कधी विचारलं नाही.

मध्यंतरी एका लग्नात एक माजी विद्यार्थी भेटला. पूर्व भागातला. घरी तेलुगू, बाहेर मराठी, यंत्रमागाच्या रात्रपाळीत वाढलेला. आता स्वतःचे चार माग आहेत. नमस्कार करून म्हणाला, “बाई, तुम्ही सांगितलेलं ते थेऊरचं बोलणं मी माझ्या मुलीला सांगितलं. तिनं प्रकल्पाच्या वहीत लिहिलं. तर तिच्या बाईंनी विचारलं, याला आधार काय? मी म्हटलं, आधार कशाला, आमच्या बाईंनी सांगितलंय की!” आणि मग जरा थांबून, अगदी सरळपणानं त्यानं विचारलं, “बाई, ते खरंच घडलं होतं का?”

मी हातातली अक्षता तशीच धरून उभी राहिले. उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर सरदेसायांची ‘मराठी रियासत’ काढली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले, रमाबाई सती गेल्या, हे सारं तिथे आहे. पण दोघांचं एकांतातलं बोलणं कुठून असणार? ते लिहून घ्यायला तिथे कारकून थोडाच बसला होता! ते बोलणं रणजित देसाईंचं होतं, १९६२ साली आलेल्या ‘स्वामी’मधलं. मी अठराव्या वर्षी ती कादंबरी वाचली, रडले, आणि पुढे सत्तावीस वर्षं ती मुलांना इतिहास म्हणून वाढत राहिले. दरवर्षी दोन तुकड्या धरल्या तरी किती मुलं झाली, याचा हिशेब मी केलेला नाही. करवत नाही.

त्या विद्यार्थ्यानं जाता जाता आणखी एक वाक्य टाकलं होतं. “माझं आपलं धारपांचं बरंय बघा बाई. भूत नाही हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं, त्यामुळं मोकळेपणानं भ्यायला येतं. तुमच्या त्या पेशव्यांच्या पुस्तकात मात्र खरं कुठं संपतं तेच कळत नाही.” तो हसत बोलला, पण वाचनाबद्दलचं इतकं नेमकं बोलणं मी परिसंवादांतही फारसं ऐकलेलं नाही.

त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते. लग्न ठरवताना बोलणी होतात, तशी प्रत्येक प्रकारची कादंबरी पहिल्या दोन-चार पानांत वाचकाशी बोलणी करते. मी काय देणार आणि तुम्ही काय मान्य करायचं, ते ठरतं. भयकथा म्हणते, एवढी एक अशक्य गोष्ट मान्य करा, बाकी सगळं मी तुमच्या घरासारखंच ठेवीन. रहस्यकथा म्हणते, मी लपवीन, तुम्ही शोधा, शेवटी सगळं उघड करीन. विज्ञानकथा म्हणते, आजच्या शास्त्राच्या एक पाऊल पुढे चला, पण पाऊल त्याच वाटेवर पडेल. ग्रामीण किंवा सामाजिक कादंबरी म्हणते, ही माणसं या नावाची नसतील, पण अशी माणसं आहेत. ऐतिहासिक कादंबरीची बोलणी मात्र सर्वांत अवघड. ती म्हणते, घटना आणि तारखा खऱ्या, मनातलं आणि एकांतातलं माझं. वाचताना आपण यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो. एकाच प्रकारची पुस्तकं वाचणाऱ्याला तर ही बोलणी असतात, याचाच विसर पडतो. म्हणून मी ठरवलं, आता आलटूनपालटून वाचायचं.

सुरुवात ‘स्वामी’पासूनच केली. माझी स्वतःची प्रत आहे, त्यामुळे रेघा मारायला भीती नव्हती. जे रियासतीत किंवा छापील पत्रांत सापडेल तिथे काळी पेन्सिल, जे सापडणार नाही तिथे निळी. सगळी तपासणी मला जमली असं मी म्हणणार नाही. सरदेसायांनी संपादित केलेल्या ‘पेशवे दफ्तरातील निवडक कागदां’चेच पंचेचाळीस खंड आहेत! पण ढोबळ चित्र दिसायला तेवढं पुरलं. मोहिमा, तह, चुलत्या-पुतण्याचं वैर, आजारपण, मृत्यू, हे काळ्या रेघांत. रमा-माधवाचं जवळजवळ सगळं बोलणं निळ्या रेघांत. आणि गंमत अशी की ज्या पानांवर मी अठराव्या वर्षी रडले होते, ती पानं निळीभोर झाली. यामुळे देसाई माझ्या मनातून उतरले का? मुळीच नाही. उलट आता कळतं की कोरड्या कागदांच्या मधल्या फटीत त्यांनी काय उभं केलं. खोटं त्यांनी काहीच केलं नाही. मुखपृष्ठावर नावाखाली कादंबरी असं छापलेलंच होतं. ते वाचायचं राहिलं ते माझं.

हा प्रश्न केवळ माझ्या एका वर्गापुरता असता तर मी तो रेडिओवर आणला नसता. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला. तो शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर बेतलेला होता. म्हणजे आधी कागदपत्रं, मग कादंबरी, मग पटकथा, मग पडदा. इतक्या हातांतून आलेली गोष्ट, पण पुढचे कित्येक दिवस चहाच्या गाड्यावर, रिक्षात, घरातल्या जेवणाच्या पानावर माणसं ‘इतिहासात असंच आहे’ म्हणून एकमेकांशी तावातावानं भांडत होती. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हाही तेच झालं होतं. तो ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरचा. एका घरात दोन भाऊ कादंबरीतल्या वाक्यावरून अबोला धरून बसलेले मी पाहिले आहेत. निळ्या पेन्सिलीची किंमत तिथे कळते.

आता त्याच विषयाची दुसरी बाजू. पानिपत. १४ जानेवारी १७६१. ती तारीख आपल्या आजच्या कॅलेंडरात संक्रांतीची, आणि सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेच्या धामधुमीची. गड्ड्यावर पोराबाळांसह भटकताना एकदा तरी मनात येतं की याच तारखेला तिकडे केवढा संहार झाला होता. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ ची. जाडजूड, धुळीनं आणि घामानं भरलेली. भाऊसाहेबांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला ठपका ती पुसू पाहते. ती संपवली आणि लगेच नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातली ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचली. वाचकहो, ही जोडी एकापाठोपाठ वाचून बघा, असं मी आग्रहानं सांगेन.

त्या कथेतले गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते अशा जगात जागे होतात की जिथे पानिपतावर विश्वासरावाला लागायची ती गोळी अगदी निसटती गेली आहे. तेवढाच फरक. पण त्यामुळे लढाई मराठ्यांनी जिंकली, देशाचा नकाशा बदलला, आणि इंग्रज कंपनी मुंबईपुरती उरली. पंत मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळत चाळत इतिहासाला वळण कुठे मिळालं ते शोधतात. मग एका सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून सवयीनं तिच्यात जाऊन बसतात आणि लोकांचा मार खातात, कारण त्या जगात अध्यक्ष ही जातच उरलेली नाही! सभा-समारंभांच्या आपल्या महाराष्ट्रात हा विनोद कुणाला झोंबणार नाही? शेवटी पंतांचे शास्त्रज्ञ मित्र त्यांना या प्रकाराचा अर्थ समजावून सांगतात.

पण मला यात वेगळंच काही सापडलं. इतिहास शिकवताना आम्ही ‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ असा प्रश्न घालतो आणि मुलं सहा कारणं लिहितात. जणू ते व्हायचंच होतं. नारळीकरांची कथा सांगते की ते एका गोळीच्या, बोटभर अंतराच्या प्रश्नावर टांगलेलं होतं. सत्तावीस वर्षांत हे मी एकाही मुलाला सांगितलं नाही. आणि ही कथा आपण होऊन सांगते की मी घडलेलं नाही. म्हणजे इतिहासाबद्दलचा खरेपणा मला उघडपणे कल्पित असलेल्या कथेत जास्त स्वच्छ दिसला. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, जूनमध्ये आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली गेले, सप्टेंबरात भैरप्पा. त्या वर्षी माझं वाचन पुष्कळसं अशा निरोपांच्या मागोमाग गेलं.

भयकथेकडे येते. खरं सांगायचं तर हा प्रकार मी साठीपर्यंत हातात धरला नव्हता. विद्यार्थ्याच्या त्या वाक्यामुळे धारप आणले. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीच्या आधारानं लिहिलेली, पण वाचताना परकेपणा जाणवत नाही. धारप रसायनशास्त्र शिकलेले होते. प्रयोगशाळेत जिन्नस मांडावेत तसं ते घर मांडतात. ओसरी, जिना, माळा, कुलूप, कंदील. सगळं ओळखीचं. मग त्यातली एकच वस्तू जराशी जागची हलते. बस्स, तेवढ्यावर माझी एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी उन्हात बसून मी विचार केला, की यात लेखकानं मला फसवलं का? नाही. अशक्य गोष्ट कोणती ते त्यानं सांगून टाकलं होतं. त्याच्या आडोशानं मात्र घरातली हाव, म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात टाकणं, न बोललेला अपराध, हे सगळं तो बिनदिक्कत दाखवून गेला. सामाजिक कादंबरीत हेच आलं असतं तर आपण ‘जरा जास्तच झालं’ म्हणालो असतो.

इथे एक मजेशीर घोटाळा सांगण्याजोगा आहे. २०१८ मध्ये ‘तुम्बाड’ हा हिंदी चित्रपट आला, २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि तरुण मुलांनी तो डोक्यावर घेतला. त्याची मूळ प्रेरणा धारपांच्या ‘आजी’ या कथेची. नाव मात्र घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. आता पेंडशांची ही १९८७ ची दोन खंडांची कादंबरी म्हणजे कोकणातल्या जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या पिढ्यांची कहाणी. शापित खजिना वगैरे काही नाही. आमच्या भागातल्या वाचनालयात दोन कॉलेजकुमार मोठ्या उत्साहानं दोन्ही खंड घेऊन गेले आणि आठवड्यात परत आले. “मॅडम, यात भूत कधी येतं?” ग्रंथपाल बाईंना हसू आवरेना. मला मात्र ती मुलं आपल्याच वर्गातली वाटली. त्यांनी एका बोलणीवर दुसऱ्या घरी वरात नेली होती. मी नेमकं तेच केलं होतं, फक्त माझ्यासोबत वऱ्हाडाला चाळीस-पन्नास पोरं असायची.

रहस्यकथांबद्दल थोडंच बोलते. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तकं आहेत. झुंजार, काळा पहाड ही नावं नुसती उच्चारली तरी साठीपुढच्या वाचकांचे डोळे चमकतात. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटल्यावर भाड्याच्या वाचनालयातून ते एक अर्नाळकर आणत आणि दुसऱ्या दिवशी परत करत. पहिली मोठ्यांची पुस्तकं मी चोरून वाचली ती हीच. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका धर्मगुरूनं १९२९ मध्ये गुप्तहेरकथांसाठी दहा नियम घालून दिले होते. वाचकापासून धागेदोरे लपवू नका, योगायोगानं उलगडा करू नका, अशा धर्तीचे. त्या कसोटीला अर्नाळकर उतरायचे नाहीत. ते कोडं घालतच नाहीत, ते पळवतात. पुन्हा वाचताना दोन पुस्तकं मला कंटाळवाणी वाटली, तिसऱ्यानं चहा थंड केला. कोड्याची हौस असेल तर सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या कथा अशोक जैनांच्या मराठी अनुवादात आहेत. त्या नातवंडांसाठी आणाव्यात आणि आपणच आधी वाचाव्यात.

पौराणिक कादंबरी हा मराठी माणसाचा फार जिव्हाळ्याचा प्रकार, आणि त्यात सोलापूरचा थोडासा मान आहे. १९४१ च्या इथल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. ‘ययाति’ त्यानंतरची, १९५९ ची. पुढे १९७४ साली मराठीला पहिला ज्ञानपीठ मिळाला तो खांडेकरांना. महाभारतातला कच संजीवनी विद्या घेऊन, देवयानीचा शाप घेऊन निघून जातो तो जातोच. खांडेकर त्याला परत आणतात, आणि कादंबरीचा नैतिक कणा करून टाकतात. सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. तिनं कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण यांना बोलतं केलं आणि मराठी घराघरांत कर्णाचा कैवार घेणारी एक पिढी तयार केली. मीही त्यातलीच.

त्यानंतर ‘पर्व’ वाचलं आणि पाट्या पुसल्यासारखं झालं. भैरप्पांनी १९७९ मध्ये कन्नडमध्ये लिहिलेली ही कादंबरी महाभारतातले सगळे चमत्कार काढून टाकते. वर नाहीत, शाप नाहीत, दिव्य अस्त्रं नाहीत. उरतात ती म्हातारी होत चाललेली, थकलेली, युद्धाच्या तोंडावर जुने हिशेब आठवणारी माणसं. माझ्या शेजारी एक कानडी आजी आहेत. त्यांनी ‘पर्व’ मूळ कन्नडमधून वाचलंय, मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून. संध्याकाळी गच्चीवर आमची कुंतीवरून चर्चा चालते, त्या कन्नड-मराठीत, मी मराठी-कन्नडमध्ये. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. उमाताईंच्या अनुवादामागची रीतही ऐकण्यासारखी आहे. त्यांचे यजमान विरूपाक्ष मूळ कन्नड वाचून दाखवायचे आणि उमाताई ते कानांनी ऐकून मराठीत लिहायच्या. लिपीच्या आधी कान! रेडिओवर बोलताना मला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता आपल्या जवळच्या मातीकडे. सांगोल्याच्या पुढे माणदेश सुरू होतो, आणि ‘बनगरवाडी’ तिथली. १९५५ ची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, शाळा कशीबशी उभी राहते, आणि दुष्काळ आख्खी वाडी उठवून नेतो. शंभर-सव्वाशे पानांत एवढं मोठं आयुष्य. वाडीचं नाव कल्पित असेल, पण दुष्काळाचा तो भाग मी निळी पेन्सिल खाली ठेवून वाचला. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चंही तसंच. धरणग्रस्तांची ही कादंबरी, १९९२ ची साहित्य अकादमी मिळालेली. ज्यांच्या घरातली पाण्याची तोटी उजनीवर चालते त्या आपण सोलापूरकरांनी ती वाचायलाच हवी. उजनीच्या पाण्याखालीही गावं आहेतच.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती बोलूनच टाकते. एका वाचनालयात शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ मला ‘कादंबरी’ या चिठ्ठीच्या कपाटात दिसलं. लिंबाळे आपल्या जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ‘अक्करमाशी’ १९८४ चं, आणि ते आत्मकथन आहे. तिथली भूक त्यांची आहे, अपमान त्यांचा आहे. त्याला कादंबरीच्या कपाटात ठेवणं म्हणजे वाचकाला सांगणं की हे रचलेलं आहे, फार मनाला लावून घेऊ नका. ‘सनातन’ ही त्यांची कादंबरी वेगळी. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. एका माणसाची दोन पुस्तकं, दोन वेगळ्या बोलण्या. मी ग्रंथपालांना चिठ्ठी बदलायला सांगितली. त्यांनी लगेच बदलली, हेही सांगायला हवं. ‘स्वामी’ला इतिहास समजण्याची चूक आणि ‘अक्करमाशी’ला कादंबरी समजण्याची चूक, दोन्ही एकाच जातीच्या. पण दुसरी मला जास्त क्रूर वाटते.

पुढच्या वाचनाची चवड खाटेशेजारी लागलेली आहे. सर्वांत खाली रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’, २०१९ ची. सातशे वर्षांमागपासून एका कुळाची कहाणी सांगणारी. ती पावसाळ्याच्या लांब दुपारींसाठी राखून ठेवलीय. पठाऱ्यांच्या पुस्तकाला निळी पेन्सिल पुरेल की नाही, शंकाच आहे. तिच्यावर कृष्णात खोत यांची ‘रिंगण’, २०२३ ची साहित्य अकादमी मिळालेली. ‘झाडाझडती’नंतर विस्थापितांबद्दल दुसऱ्या पिढीचा लेखक काय म्हणतो ते बघायचंय. कविता महाजनांची ‘ब्र’ वाचायची राहून गेलीय, याची लाज वाटते. महिला सरपंचांवरची ही कादंबरी २००५ मध्ये आली तेव्हा सगळे तिच्याबद्दल बोलत होते, म्हणूनच बहुधा मी ती टाळली. प्रेमकथांचा कप्पा माझ्या वहीत अजून रिकामा आहे. कुणी एखादं चांगलं नाव सुचवलं तर वय आड येऊ देणार नाही.

आणि सगळ्यांत वर दि. बा. मोकाशींची दोन पुस्तकं. ‘आनंदओवरी’ ही कादंबरी. तुकोबा अचानक नाहीसे झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कान्हा त्यांना शोधतो, आठवतो, त्यांच्यावर रागावतोही. आणि ‘पालखी’, जे मोकाशींनी स्वतः वारीबरोबर पायी चालून लिहिलं. एकात कान्हाचं मन लेखकानं कल्पिलेलं, दुसऱ्यात पायांचे फोड लेखकाचे स्वतःचे. तुकोबांची पालखी अकलूजला आपल्या जिल्ह्यात शिरते. त्याआधी दोन्ही संपवायचा बेत आहे.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर फोन केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला, पण तो संवाद कादंबरीकाराचा आहे, आणि तो मी सांगितला ही माझी चूक. तारीख आणि थेऊर तेवढं खरं. तो म्हणाला, “असू द्या ओ बाई, मुलीनं खाली तसं लिहून टाकलंय, ‘हा संवाद कादंबरीतील आहे’ म्हणून. तिच्या बाईंनी बरोबरची खूण केली.” मग म्हणाला, मुलगी गंगाधरपंतांची गोष्ट मागतेय, पुस्तक कधी देता? मी म्हटलं, रविवारी ये. येताना धारपांचं ‘ग्रहण’ घेऊन ये. आणि दिवसा आण.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)